समीक्षकांनी नापास केलेला, लोकांनी डोक्यावर घेतलेला: 'जस्ट डान्स'ची गोष्ट

(भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातलं थोडंफार तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एकाच गेमवर आहे. खरं तर गेमपेक्षा त्या गेमला मिळालेल्या मार्कांवर आहे. आणि मधे माझ्या घरातला एक प्रसंग सांगणार आहे, जो मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता, कारण त्यात मी काही फार शहाणा दिसत नाही.

गेमचं नाव 'जस्ट डान्स'. पहिला भाग नोव्हेंबर २००९ मधे आला, निन्टेन्डोच्या 'वी' या कन्सोलवर. बनवला युबिसॉफ्टच्या पॅरिस स्टुडिओने. कल्पना आली त्यांच्याच 'रेमन रेव्हिंग रॅबिड्स' या मालिकेतल्या एका छोट्याशा नाचाच्या मिनीगेममधून. म्हणजे कुणी मोठा आराखडा घेऊन बसलं होतं असं नाही. एका दुसऱ्या गेमच्या कोपऱ्यात लोकांना मजा येतेय हे दिसलं आणि त्याचाच वेगळा गेम केला. ३२ गाणी. स्क्रीनवर एक नाचणारी व्यक्ती, चेहरा पांढरा, कपडे भडक. ती जे करते ते तुम्ही करायचं. हातात वीचा रिमोट. बस.

आता निकाल ऐका. मेटाक्रिटिकवर, जिथे समीक्षकांच्या मार्कांची सरासरी निघते, तिथे या गेमला शंभरात पन्नासही मिळाले नाहीत. आयजीएनने तर १० पैकी २ दिले. दहात दोन म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पालकांना भेटायला बोलवा.

आणि विक्री? २०१० च्या सुरुवातीला ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत हा गेम पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला, आणि एका आठवड्यात खालीही आला नाही. जगभरात पहिल्या भागाच्या ४० लाखांहून जास्त प्रती खपल्या. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, तो त्याहून जास्त खपला. मग दरवर्षी एक. २०१९ मधे आलेला 'जस्ट डान्स २०२०' हा भागसुद्धा जुन्या वीवर निघाला. तेरा वर्षं जुनं कन्सोल. बाकी सगळ्यांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं.

अशा वेळी दोन सोपी उत्तरं तयार असतात. एक, 'समीक्षकांना काही कळत नाही.' दोन, 'लोकांना काही कळत नाही.' मला दोन्ही पटत नाहीत. आणि का पटत नाहीत, ते आज बघू.

आधी समीक्षकांची बाजू, कारण ती पूर्ण खरी आहे. मी इंजिनीअर माणूस, तर पहिल्यांदा यंत्राकडे बघू.

वीच्या रिमोटमधे एक ॲक्सेलरोमीटर असतो. तीन अक्षांवरचं त्वरण मोजतो, म्हणजे वेग किती झटक्यात बदलतोय ते. त्यात गुरुत्वाकर्षणही मोजलं जातं, त्यामुळे रिमोट कुठे कललाय हे साधारण कळतं. पण रिमोट खोलीत नेमका कुठे आहे, डोक्यावर की गुडघ्यापाशी, हे त्याला कळत नाही. टीव्हीवर ठेवायची ती इन्फ्रारेडची पट्टी असते, पण ती रिमोट टीव्हीकडे रोखला असेल तरच कामाची. नाचताना कोण रोखतंय?

आता विचार करा, नाच म्हणजे काय? पाय, कंबर, खांदे, मान, दोन्ही हात. आणि गेमला काय दिसतंय? उजव्या हाताचा तळवा. तोही दिसत नाही, नुसता जाणवतो. गाण्यात ठरावीक ठिकाणी हात कसा हलायला हवा याचा एक अंदाज गेमकडे असतो, तो तुमच्या हाताशी ताडून बघितला जातो आणि शेरा मिळतो. पाय तुम्ही हलवलेत काय, न हलवलेत काय, गेमला पत्ताच नाही.

समीक्षकांनी हेच लिहिलं. हालचालींची ओळख अगदीच ढोबळ आहे. नीट केलेली स्टेप हुकते आणि भलतंच काहीतरी केलं तर मार्क मिळतात. सोफ्यावर बसून नुसतं मनगट हलवलं तरी चालतं. शिवाय गेममधे करायला फार काही नाही, दोन-चार मोड, पुढे उलगडत जाईल असं काही नाही. पूर्ण पैसे घेऊन एवढंच?

यातलं एकही वाक्य खोटं नाही.

आता त्यांच्या हातातली पट्टी कुठली होती ते बघा. रिदम गेम म्हटलं की तोवर काय होतं? १९९८ चा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन', पायाखाली चार बाण, चुकलात की चुकलात. २००५ चा 'गिटार हिरो', मग 'रॉक बँड'. या सगळ्यांत बटण दाबलं की नाही हे शंभर टक्के कळतं. किती मिलिसेकंद उशीर झाला हेही कळतं. सोपं, मध्यम, अवघड असे स्तर असतात. नापास झालात तर गाणं मधेच बंद पडतं. २००९ या एकाच वर्षात 'द बीटल्स: रॉक बँड' आला, 'डीजे हिरो' आला. लोकांचे हॉल प्लॅस्टिकच्या गिटारींनी भरले होते. त्या वर्षी समीक्षकाच्या डोक्यात 'चांगला रिदम गेम' म्हणजे काय हे पक्कं बसलेलं होतं. अचूक मोजमाप, वाढती अवघडता, कौशल्याला बक्षीस.

आणि हात हलवायच्या गेममधे अचूकता आणता येते याचा जुना दाखलाही होता. सेगाचा 'सांबा दे अमिगो', १९९९ चा. हातात मराकस, म्हणजे खुळखुळे, आणि ते वर, मधे की खाली हलवताय हे यंत्राला कळायचं, कारण उंची मोजायची वेगळी सोय केली होती. तोच गेम २००८ मधे वीवर आला तेव्हा उंची मोजायला काही नव्हतं, कल बघूनच अंदाज करायचा. तेव्हाही समीक्षकांनी तीच तक्रार केली होती. त्यामुळे 'जस्ट डान्स' आला तेव्हा ते आधीच वैतागलेले होते म्हणा ना.

इथवर ठीक. आता घरचा प्रसंग.

२०१० ची दिवाळी. मी सातवीत. आम्ही तेव्हा डोंबिवलीत, वन बीएचके. माझी मावशी दुबईहून आली होती, तिने मुलांसाठी घेतलेलं वी सोबत आणलं आणि आमच्याच टीव्हीला जोडलं. चार दिवस घरात नुसता धिंगाणा. आणि दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी, फराळाचं सगळं आवरल्यावर, मावशीने आईच्या हातात रिमोट दिला. आई आधी नाही-नाहीच म्हणत होती. मग उठली. पदर खोचला. गाणं कुठलं, तर 'हू लेट द डॉग्ज आउट'. आईला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण ती नाचली. मी आईला त्याआधी कधी नाचताना पाहिलं नव्हतं. गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा ती कडेला पर्स आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी राहायची. त्या दिवशी ती घामाघूम होईपर्यंत नाचली, हसत होती, आणि मावशीपेक्षा जास्त गुण मिळवले. 'बघ, तुझ्यापेक्षा जास्त!' असं मावशीला म्हणाली.

आणि मी काय केलं? मी सोफ्यावर बसलो होतो. मी म्हटलं, 'आई, तू काही नाचत नाहीयेस. ते फक्त हात बघतं. हे बघ.' आणि दुसरा रिमोट घेऊन, बसल्या बसल्या, मनगट हलवून दाखवलं. गुण आले. जवळजवळ आईइतकेच.

मला वाटलं होतं सगळे म्हणतील, वा, काय हुशार मुलगा आहे.

आई म्हणाली, 'हो का?' रिमोट ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. मावशीने नंतर दोनदा बोलावलं, ती आली नाही. मावशी परत गेली, वी गेलं, विषय संपला.

मजा बघा. सातवीतल्या मुलाने आयजीएनचा रिव्ह्यू वाचला नव्हता. पण त्याने तोच रिव्ह्यू दिला. तीच कसोटी, तोच सोफा, तेच मनगट. आणि तांत्रिकदृष्ट्या तेवढाच बरोबर.

आता पुढे काय झालं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१० मधे, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी कायनेक्ट आणला. हातात काहीच धरायचं नाही, समोरचा कॅमेरा खोली मोजतो, किती अंतरावर काय आहे ते त्याला कळतं, आणि त्यातून तुमच्या शरीराचा सांगाडा काढतो. वीस सांधे. खांदा, कोपर, गुडघा, घोटा, सगळं. आणि त्याच्यासोबत पहिल्याच दिवशी एक नाचाचा गेम आला, 'डान्स सेंट्रल'. बनवणारे हार्मोनिक्स. म्हणजे पहिला 'गिटार हिरो' आणि 'रॉक बँड' करणारेच, ज्यांनी ही अचूकतेची पट्टी तयार केली तेच.

योगायोग असा, की यातही गाणी ३२. पण बाकी सगळं वेगळं. तुमचा डावा पाय चुकला तर स्क्रीनवरच्या पात्राचा तो अवयव लाल होतो. एकेक स्टेप सुटी करून शिकवणारा मोड. सोपं, मध्यम, अवघड. समीक्षक खूश झाले. मेटाक्रिटिकवर ८० च्या वर. आणि रास्तच आहे, तो गेम सुंदर होता. 'जस्ट डान्स'बद्दलच्या प्रत्येक तक्रारीचं उत्तर त्यात होतं.

मी इंजिनीअरिंगला असताना शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक सेकंडहँड कायनेक्ट घेतला होता, तेव्हा 'डान्स सेंट्रल' खेळलो. आणि तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या, ज्या मार्कांत दिसत नाहीत.

पहिली, जागा. एकट्याने खेळायचं तर सेन्सरपासून साधारण सहा फूट लांब उभं राहायचं. दोघांना आठ फूट. आता आमचा डोंबिवलीचा हॉल आठवा. टीव्ही, समोर सोफा-कम-बेड, मधे टीपॉय, बाजूला शिवणयंत्र. सहा फूट मागे गेलो की मी थेट सोफ्यावरच. तक्रार आमच्या घरापुरती नव्हती, जागा फार लागते हे तेव्हाच्या परदेशी रिव्ह्यूंमधेही आहे. पण तिथे तो एक उणा मुद्दा होता. आमच्याकडे तोच पूर्ण निकाल होता.

दुसरी, कपडे. घेरदार कपडे असतील तर कॅमेऱ्याला पाय नीट सापडत नाहीत. मी प्रोजेक्टच्या वेळी आईला म्हटलं, जरा उभी राहतेस का पुढे? ती साडीत होती. स्क्रीनवरचे तिचे पाय कधी एक व्हायचे, कधी थरथरायचे, कधी गायबच. ज्या यंत्राला पाय दिसतात म्हणून त्याचं कौतुक, त्याला माझ्या आईचे पाय दिसत नव्हते. वीच्या रिमोटला मात्र तिचा हात कळत होता. साडी असो, गाऊन असो, हॉल केवढाही असो.

आणि काळाने काय केलं? 'डान्स सेंट्रल'चे दोन आणि तीन आले, २०११ आणि २०१२ मधे. मग २०१४ मधे एक डाउनलोडपुरता छोटा भाग, २०१९ मधे एक व्हीआरचा. दरम्यान मायक्रोसॉफ्टने २०१४ मधे कायनेक्टशिवाय एक्सबॉक्स वन विकायला सुरुवात केली आणि २०१७ मधे कायनेक्ट बनवणंच थांबवलं. जो गेम त्या सेन्सरवर उभा होता त्याच्या पायाखालची जमीनच गेली. 'जस्ट डान्स'ला काय लागत होतं? हातात एक ॲक्सेलरोमीटर. तो तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. २०१४ मधे त्यांनी 'जस्ट डान्स नाऊ' काढला, त्यात फोनच रिमोट. ज्या ढोबळपणासाठी त्याला नापास केलं होतं, तो त्याला तारून गेला.

पण थांबा, इथे मला 'बघा, लोकच बरोबर होते' असं म्हणून टाळ्या घ्यायच्या नाहीत. समीक्षा झाली हे चांगलंच झालं. दुसऱ्या भागात हालचालींची ओळख सुधारली, जोडीने करायचे नाच आले, आणि समीक्षकांचे मार्कही सत्तरीच्या घरात गेले. आणि ज्या माणसाला खरंच नाच शिकायचा होता, त्याने २००९ मधे तो रिव्ह्यू वाचून पैसे वाचवले असतील तर रिव्ह्यूने आपलं काम केलं. खप म्हणजे गुणवत्ता नाही. बटाटेवडा गल्लीत सगळ्यात जास्त खपतो म्हणून तो सगळ्यात चांगला असतो असं नाही, कधीकधी तो फक्त स्टेशनजवळ असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. समीक्षकांनी दिलेली उत्तरं बरोबर होती, प्रश्न चुकला होता. त्यांनी विचारलं, 'हा गेम माझा नाच किती अचूक मोजतो?' विचारायला हवं होतं, 'हा गेम लावला की खोलीत काय होतं?' एकट्याने, रात्री, टेबलापाशी बसून, मुदत गाठायची म्हणून खेळलेल्या गेममधे ते दिसणारच नाही. त्याला चार माणसं लागतात, आणि त्यातलं एक तरी असं लागतं जे एरवी उठत नाही.

शाळेत आम्हाला लेझीम होती. पीटीचे सर मैदानाच्या टोकाला पाठ करून उभे राहायचे, आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, तिसऱ्या रांगेत कुणीतरी मागे पडतंय. पाय त्यांना दिसत नसायचेच. पण त्यांना हवं ते कळायचं, सगळे एकत्र आहेत की नाही. काय मोजायचं ते कशासाठी मोजताय यावर ठरतं.

हे मी आज का बोलतोय? कारण गेल्या वर्षी कामावर मी नेमकं परत तेच केलं. आमच्या टीमने ग्राहकांसाठी एक छोटं टूल केलं होतं. कुणीतरी घाईत केलेलं, आतून खरंच कच्चं. मी त्याचा आढावा घेतला आणि एक पानभर चुका लिहिल्या. सगळ्या खऱ्या. जिने ते बनवलं होतं ती ज्युनियर मुलगी मीटिंगमधे फक्त म्हणाली, 'हो, बरोबर आहे.' आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला. 'हो का?' सारखाच. नंतर कळलं, सपोर्टची माणसं ते टूल रोज वापरत होती आणि मी त्यांच्यातल्या एकालाही विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे जाऊन बोललो. चुका तिने दुरुस्त केल्या, त्या करायलाच हव्या होत्या. पण मी आधी वापरणाऱ्यांशी बोलायला हवं होतं, आणि कागद नंतर लिहायला हवा होता.

तर हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी आईला फोन केला. म्हटलं, 'तुला ते मावशीचं वी आठवतं का? मी तुला म्हटलं होतं की ते फक्त हात बघतं.' मला वाटलं होतं ती विसरली असेल. विसरली नव्हती.

म्हणाली, 'अरे, ते मला आधीच कळलं होतं. दोन गाणी झाल्यावर कळतंच की. पाय कुणी बघत नाहीये म्हणून तर बरं वाटत होतं.'

मी विचारलं, 'मग थांबलीस का?'

म्हणाली, 'तू बघायला लागलास ना.'

यावर मला काही बोलता आलं नाही, आणि आत्ताही फार काही नाहीये. या दिवाळीला घरी जातोय. फोन आहे, टीव्ही आहे, सोफा थोडा सरकवता येईल. ती उठेल की नाही माहीत नाही. मी मात्र सोफ्यावर बसणार नाही, एवढं ठरवलंय.

तुमच्या घरात असा कुठला गेम होता का, ज्याला सगळे फालतू म्हणायचे आणि तरी रोज खेळायचे? जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यातले काही किस्से वाचून दाखवीन. आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.